शीतगृहातला पुष्पगुच्छ

पुष्पगुच्छ एक, शहरातल्या फुलवाल्याकडून, काल संध्याकाळी आला, साडेचारशे रुपये. मानपत्र एक, काचेच्या चौकटीसह, तीनशे दहा. खुर्च्या शंभर, त्यांतल्या सहा मोडक्या, भाडं मात्र शंभरांचं. चहा, बिस्किटं आणि ध्वनिक्षेपक. ध्वनिक्षेपक मधूनमधून किंचाळतो, त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. कार्याच्या आधी काय आलं आणि कितीला आलं ते चारचौघांत वाचायचं, ही आमच्या महिला उत्पादक संघाची शिस्त आहे. पाहुणे मोठे आले म्हणून शिस्त मोडायची नसते.

आता रीतसर. आजच्या सभेचे अध्यक्ष, माझ्यासारख्या कित्येकींना मॅट्रिकपर्यंत ढकलत नेणारे आमचे निवृत्त मुख्याध्यापक; व्यासपीठावर बसलेले बँकेचे व्यवस्थापक; आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते निर्यात योजनेचे प्रकल्प अधिकारी, म्हणजे आपले साहेब; तसेच समोर बसलेल्या माझ्या मायबहिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बंधूंनो, सर्वांना नमस्कार.

संघाची चिटणीस म्हणून मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलं आहे. दोनच बोलायचे तर ते 'सही करा' एवढेच आहेत. पण तेवढ्यावर खाली बसले तर चहा लवकर द्यावा लागेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

साहेब तीन वर्षांपूर्वी आले, तेव्हा याच सभागृहात त्यांनी पडद्यावर एक रेघ दाखवली होती. रेघ खालून वर चढत होती. निर्यात वाढली की शेती वाढते, शेती वाढली की देश वाढतो, असं ते म्हणाले. आम्ही मान डोलावली. वर जाणारी रेघ कोणाला आवडत नाही? आम्ही घरच्या भाजीपाल्याचे वाफे मोडले आणि फरसबी लावली. शेंग सरळ हवी, बारा ते चौदा सेंटिमीटर हवी. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पोरींची लग्नं जमवताना एवढी मापं कोणी घेतली नाहीत!"

मग परदेशच्या व्यापाऱ्यानं नमुना मागवला. इथे आमची चूक झाली, आणि मी ती देवाला साक्ष ठेवून कबूल करते. नमुना परक्याच्या घरी जाणार म्हटल्यावर आम्ही काय करणार? पाहुणा येणार म्हटलं की बाई ट्रंकेतली चादर काढते, फाटकी अंथरत नाही. चाळीस बायका आमच्या ओसरीवर बसल्या आणि टोपल्यांच्या ढिगातून दोनशे शेंगा निवडल्या. एकेक शेंग ओल्या फडक्यानं पुसली. साहेब आले, पेटी पाहिली, "वा! हाच माल पाहिजे," म्हणाले आणि पेटी हातात धरून फोटो काढून घेतला.

नमुना म्हणजे सबंध मालाचा सरासरी चेहरा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पहिला ट्रक गेला. तिकडे एकेक पेटी त्या दोनशे शेंगांशेजारी ठेवून पाहिली गेली आणि चारांतल्या तीन पेट्या परत आल्या. आमच्या गुरांनी आठ दिवस निर्यातीच्या दर्जाची फरसबी खाल्ली. गुरांनी तक्रार केली नाही.

मी साहेबांना विचारायला गेले. ते म्हणाले, "ताई, नमुना तुम्हीच चुकीचा दिलात."

"मग पेटी पाहिलीत तेव्हा का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

हे ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला माहीत असतं तर याला पगार कशाचा?" सासूबाई वयानं मोठ्या आहेत, त्यांना क्षमा असावी. मी तेच जरा सौम्य शब्दांत म्हणणार होते, पण सौम्य शब्द सापडेनात.

त्या वर्षीच्या अहवालात मात्र रेघ वरच गेली. कशी गेली, ते मी बँकेच्या व्यवस्थापकांना विचारलं. ते हसले. मग मीच विचार केला. माल पिकला, ती वाढ. ट्रक गेला, ती वाढ. तोच ट्रक तोच माल घेऊन परत आला, वाहतूक दुप्पट झाली, म्हणजे आणखी वाढ! अशा हिशेबानं मी रोज सकाळी दळण गिरणीत नेऊन न दळता परत आणलं, तर आमचं घर वर्षात श्रीमंत होईल.

दुसऱ्या नमुन्याच्या वेळी आम्ही साहेबांना तसदी दिली नाही. प्रत्येक टोपलीतून मूठ काढायचं काम सासूबाईंना दिलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे चांगली शेंग आणि वाकडी शेंग यांत त्या भेदभाव करत नाहीत. हाताला येईल ते पेटीत. व्यापाऱ्यानं भाव थोडा कमी केला, पण माल घेतला आणि एकही पेटी परत आली नाही. आता संघाचा प्रत्येक नमुना सासूबाईच काढतात. जाऊबाई त्यांना म्हणतात, "आत्याबाई, डोळ्यांचं ऑपरेशन करू नका हं, धंदा बुडेल!"

एकच अडचण उरली. तोडणी झाल्यावर ट्रक यायला दोन दिवस लागतात आणि तोवर शेंग मऊ पडते. त्यासाठीच योजनेतून शीतगृह बांधलं गेलं. त्याचं उद्घाटन दोनदा झालं, कारण पहिल्या वेळी फोटो नीट आले नव्हते. मग कुलूप लागलं. शीतगृह संघाच्या ताब्यात देण्याच्या कागदावर साहेबांची सही हवी. सात महिने आम्ही विचारतो आणि सात महिने एकच उत्तर येतं, "सहीशिवाय यंत्र चालू करता येत नाही." मागच्या हंगामातला निम्मा माल त्या कुलपासमोर, पायरीवर मऊ पडला. आम्हाला वाटलं, यंत्राचं शास्त्र असेल, आपण मॅट्रिक.

आणि काल संध्याकाळी पुष्पगुच्छ आला. उन्हाचे दिवस, फुलं कोमेजतील म्हणून कचेरीच्या शिपायानं शीतगृहाचं कुलूप काढलं आणि यंत्र सुरू केलं. पहिल्या खटक्याला सुरू झालं हो! रात्रभर चाललं. टेबलावरची ही फुलं बघा, दहिवर पडल्यासारखी ताजी आहेत. शिपायाला दोष देऊ नका, त्याला फुलांची काळजी वाटली. आमच्या शेंगांची काळजी वाटणारा माणूस या योजनेत नेमायचा राहून गेला, एवढंच.

साहेब आता मोठ्या जागेवर चालले आहेत. विकसनशील देशांनी शेती, व्यापार आणि आर्थिक वाढ कशी साधावी, याचा सल्ला ते अठरा देशांना देणार आहेत. देव त्या अठरा देशांना सांभाळो. साहेब, तिथे नमुना म्हणून आमचं नाव सांगाल, तर एक विनंती. सासूबाईंना विचारून सांगा, निवडून सांगू नका.

आज सोमवार. शनिवारी संध्याकाळी साहेबांचा पदभार सुटतो. नवे साहेब यायला तीन महिने, त्यांना फाईल सापडायला आणखी तीन. वाफ्यांत फरसबी फुलावर आहे, एकोणीस दिवसांनी तोडणी. शेंगेला पदभार समजत नाही. कागद मी सोबत आणला आहे, पण तुम्ही "फाईल बघून सांगतो" म्हणाल, हे सात महिन्यांच्या अनुभवानं माहीत आहे. म्हणून मानपत्राच्या चौकटीमागे तो कागद आणि एक जबाबी कार्ड खोचलं आहे. कार्डावर संघाचा पत्ता माझ्या हातानं लिहिलेला आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, याबद्दल आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर पदरात घ्यावं. चुकीचं काही बोलले असेन तर तेवढं अवश्य दाखवून द्यावं, मी भर सभेत खोडीन. आणि साहेब, सही करणार असाल तर कार्डावर 'हो' लिहा, नसाल तर 'नाही' लिहा. पण उलट टपाली कळवा, म्हणजे शनिवारच्या आत पोहोचेल. नमस्कार.