आतल्या चाकाची हवा

नाही सापडायचं भाऊ, पंक्चर नाहीच ते. ट्यूब पाण्यात कितीही बुडवा, बुडबुडा यायचा नाही. — मला कसं माहीत? अहो, वाटलं आपलं. बसू का या जुन्या टायरवर? आमचे हे समोर चहाला गेलेत, म्हणजे अर्धा तास गेला, चहावाल्यालाही नकाशा उघडून दाखवतील — उद्या इथे, परवा तिथे. निवृत्त झाले त्याच महिन्यात घर विकलं आणि हे मोटारहोम घेतलं. मला विचारलं की, विचारलं नाही असं नाही — पडदे कुठल्या रंगाचे लावू म्हणून. दोन वर्षं झाली. शेगडीपासून पलंगापर्यंत चार पावलं, आणि चारही पावलांवर हेच. माणूस वाईट नाही हो, आवाज चढवायचे नाहीत. पण थांबू या म्हटलं की ऐकूच येत नाही. लेकीच्या बाळंतपणाला दोन दिवस राहिलो. दोन. तिसऱ्या सकाळी मी बाळाचं अंग पुसतेय आणि बाहेर हॉर्न.

थांबतात ते फक्त टायरसाठी. रोज सकाळी हवा मोजायचं गेज घेऊन सगळी चाकं तपासतात — पण मागे जोडचाकं ना, आतल्यापर्यंत त्यांना वाकवत नाही, गुडघे गेलेत, म्हणून ते एक माझ्याकडे. मी वाकते आणि सांगते, बरोबर आहे. — हो. हवा मीच सोडते. केसातल्या पिनेने, रोज थोडी थोडी, आणि तीन-चार दिवसांनी म्हणते, गाडी मागून बसल्यासारखी वाटते का हो? मग एक दिवस मुक्काम. कपडे वाळतात, दुसऱ्या कुणाशी चार शब्द बोलता येतात. जीव गुदमरतो हो माझा त्या डब्यात.

काय म्हणालात? सगळं वजन बाहेरच्यावर येतं? — मला वाटलं, आतलं बसलं तर गाडी नुसती अडेल. तापून फुटतं? चालत्या गाडीत? — आत्ता येताना तो मोठा उतार उतरलो आम्ही, हे गाणं म्हणत होते. हात लावू का त्या बाहेरच्याला? — गरम आहे हो अजून.

भरा भाऊ, पूर्ण भरा. आणि ती नळी असते ना, आतल्या चाकाची हवा बाहेरून बघता येते ती — बसवून टाका. म्हणजे यांचं यांना बघता येईल, उभ्या उभ्या. मला वाकायला नको. आणि यांना सांगा, पंक्चर होतं.

आले बघा. — हो हो, झालंच इथलं. चढते मी.