ठोसा कुणाचा जड

...आणि वर लोक म्हणतात, तुम्हाला कसलं टेन्शन, बटण तर दाबायचं! अहो, बटणच दाबतो मी, एक्स-रे काढतो, पण टेबलापाशी कोण बसलंय ते तरी बघा! तुम्हाला सांगतो, परवा सकाळी दार उघडलं आणि खोलीत अंधारच झाला... दोघंजण, दोघंही साठीचे, दोघंही दारात मावेनात, दोघांचेही उजवे हात सुजून भोपळे! एकेकाळचे हेवीवेट बॉक्सर. एक ‘हातोडा’. तीस लढती, सव्वीस नॉकआउट, बहुतेक पहिल्या दोन फेऱ्यांतच, पण सहा वर्षांत कारकीर्द खलास. दुसरा ‘जातं’. साठ लढती, पंधरा वर्षं, नॉकआउट जेमतेम आठ, पण समोरच्याला असा बारीक दळायचा की तो बिचारा आपणहून स्टुलावर जाऊन बसायचा. मला कसं ठाऊक? अहो, त्यांनीच सांगितलं ना ओरडून, दोघांनी माझ्या दोन कानांत!

भांडण काय, तर ठोसा कुणाचा जड! त्यासाठी सकाळीच व्यायामशाळेच्या भिंतीवर एकेक गुद्दा हाणून आलेले. हातोडा म्हणतो, “ज्याचं हाड मोडलं, त्याचा ठोसा जड. सांग रे तू!” मी का? मी फक्त फोटो काढतो हो!

हात टेबलावर ठेवायला लावले, हलू नका म्हटलं... कुणाला? लटपटत तर मी होतो! फोटो आले. जात्याचं हाड मोडलेलं, हातोड्याचं धडधाकट. आता हे सांगायचं कुणी? “डॉक्टर सांगतील,” म्हटलं, तर हातोडा दाराला पाठ लावून उभा. “तूच सांग.” मी फक्त फोटो काढतो हो! शेवटी डोळे गच्च मिटले आणि बोलून टाकलं, “काका, तुमचं... शाबूत आहे.”

आणि डोकं हातांत लपवलं. काहीच नाही. एक डोळा उघडून बघतो तर हा डोंगर मटकन स्टुलावर बसलेला. म्हणाला, “वाटलंच होतं. सव्वीस जण आडवे केले, हा एकटा उठला. पंचांचं आठपर्यंत मोजून झालं आणि हा उठला, माझ्याकडे बघून हसला! त्या दिवसापासून धसकाच घेतला मी. समोरचा पडला की वाटायचं, आता हाही उठणार. म्हणून तर सोडलं.”

तेवढ्यात जात्यानं कान खाजवला. “मी? हसलो? अरे, मला काही दिसतच नव्हतं! वाटलं आई उठवतेय, शाळेला उशीर होतोय... म्हणून उठलो.”

हातोडा हळूहळू उभा राहिला. “तीस वर्षं मी भितोय... आणि तू शाळेत निघाला होतास?” मी सरळ टेबलाखाली. बघतो तर तिथे जातंकाका आधीच बसलेले! मी पुटपुटतोय, मी फक्त फोटो काढतो हो, फक्त फोटो... आणि वर धाडकन आवाज!

बाहेर आलो. लोखंडी कपाटाचं दार वीतभर आत गेलेलं, आणि हातोडा हात झटकत, अगदी शांतपणे, “आता काढ फोटो.”

काढला. दोन ठिकाणी मोडलेलं. काय करणार... अभिनंदन केलं.