तळं काठोकाठ, नळ कोरडा

…नाही, पण मला एक सांगा, जो माणूस बारा महिने लोकांच्या बेसिनखाली उताणा पडून तोंडावर पाणी झेलतो, त्यानं सुट्टीच्या दिवशी परत पाणीच बघायला जायचं? अहो, प्लंबर आहे मी! शिंपी कधी सुट्टीत दुसऱ्यांचे शर्ट बघत हिंडतो का? पण आमच्या हिनं ठरवलं म्हणजे ठरवलं. "तळ्याकाठची गावं बघायची. बोटीनं एकेक गाव करायचं, शेवटच्या गावात धक्क्यावर बसून सूर्य बुडताना बघायचा, आणि मगच घरी. अख्खा दिवस हं! अर्धा नाही!"

आता त्या 'अर्धा नाही'ला इतिहास आहे. तुम्हाला सांगतो, आम्ही नवराबायको म्हणजे अर्धवट सहलींचे मानकरी! डोंगर निम्मा चढलो की फोन, कुणाचा तरी पाइप फुटला. नाटकाचं मध्यंतर झालं की फोन. हिच्या सख्ख्या भावाच्या लग्नात पहिला घास हातात… फोन! आणि ही भांडत नाही हो. नुसती पर्स उचलते आणि उभी राहते. भांडली असती तर मी दोन हात केले असते, पण ते पर्स उचलणं मला बघवत नाही. म्हणून या खेपेला मी दुकानाचा फोन कपाटात कोंडला, कुलूप लावलं, म्हटलं, पृथ्वी गळायला लागली तरी मी येणार नाही!

आणि गेलो. ऊन असं की बोटीच्या कठड्याला हात लावला तर चटका. डोक्यावर हिनं घ्यायला लावलेली टोपी, ती वाऱ्यानं एकदा उडाली ती एका आजोबांच्या मांडीवर, त्यांना वाटलं भेट दिली, घालूनच बसले! पण पाणी… काय पाणी होतं हो!

पहिलं गाव आलं. पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, घरं एकमेकांच्या खांद्यावरून तळ्यात डोकावतायत, कुणाच्या खिडक्या निळ्या, कुणाच्या हिरव्या, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून जाडा माणूस आला तर एकानं कुणाच्या तरी घरात शिरायचं. मी शिरलो. घरातल्या बाई म्हणाल्या, "या." आता काय बोलणार? मी म्हटलं, "छान आहे घर." आणि खरंच छान होतं! छपराचं पाणी उतरवणारे पाइप सगळे तांब्याचे, वळणं अशी काढलेली की कारागिराचे हात बघावेसे वाटले. मी आपला एका सांध्यावरून बोट फिरवतोय, तर मागून ही, "अहो, लोक तळं बघतायत."

बघितलं मग तळं. पहिल्यांदाच नीट बघितलं. तळाचे गोटे दिसत होते, त्यांच्यावर ऊन हलत होतं, मधूनच एक मासा, जणू घरचंच कार्य असल्यासारखा निवांत. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? एवढं पाणी, आणि कुणाची तक्रार नाही! वरच्या मजल्याला येतं, आम्हाला येत नाही, असं कुणी म्हणत नाही! काय पाणी होतं हो!

दुसऱ्या गावात एकच रस्ता, पण काय रस्ता! वर सगळ्या गॅलऱ्या फुलांनी लवलेल्या, खाली एका उघड्या दारात एक सुतार होडीला रंधा मारतोय, रस्ताभर लाकडाचा वास. आम्ही काठावर आइसक्रीम घेऊन बसलो. ही हसत होती. मी म्हटलं, जिंकली लढाई! आणि हिच्या पर्समधला हिचा फोन वाजला.

आई! माझी आई. "अरे, नळाला पाणी नाही."

"येईल गं, गेलं असेल."

"शेजारी आहे. आपल्याकडेच नाही."

तेव्हा लक्षात आलं माझ्या! अहो, सगळ्या प्लंबरांची असते तशी माझी एक सवय आहे. घराबाहेर पडताना मेन व्हॉल्व्ह बंद करायचा. माघारी पाइप फुटला तर? लोकांची फुगलेली दारं, पोहणारे गालिचे बघितलेत मी! आणि आई येणार होती हो आमच्याबरोबर! चपला घालून उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "ऊन फार आहे, तुम्हीच जा." डोक्याला कळलं, हाताला कुठे कळलं? हातानं रोजच्यासारखा व्हॉल्व्ह बंद केला. आणि बंद म्हणजे कसा? पाना लावून आवळला!

"मी फिरवून बघितला," आई म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनीही बघितला. त्यांची कंबर धरली. आपल्या सोफ्यावर आडवे आहेत. मला अजून आंघोळ नाही, या उकाड्यात भांडी तशीच, आणि मास्तर चहा मागतायत."

आइसक्रीम माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलेलं. समोर परतीची बोट भोंगा देतेय. तेवढ्यात आई म्हणते, "मग त्या कोपऱ्यावरच्या टकलूला बोलावू का?"

टकलू! म्हणजे आमच्याच रस्त्यावरचा दुसरा प्लंबर! ज्याच्या कामाला मी चारचौघांत 'चिंध्या बांधणं' म्हणतो, तो! तो माझ्या घरात येणार, माझा व्हॉल्व्ह उघडणार, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला कळणार की प्लंबरच्या आईला प्लंबर बोलवावा लागला! मी ओरडलो, "खबरदार! मी निघालोच!"

आणि वळून बघतो तर हिनं पर्स उचललेली.

आइसक्रीम अर्धं टाकून दिलं, रुमालानं माझं कोपर पुसलं आणि म्हणाली, "चला, बोट सुटेल." बोटीकडे चालताना एकदाच, एकदाच हो, तळ्याच्या त्या टोकाकडे बघितलं. तिसरं गाव तिथे होतं.

मला रडू आलं. खरं सांगतो, आलं! मी तिथेच उभा राहिलो, फोन लावला आणि म्हटलं, "आई… बोलव त्याला."

"कुणाला?"

"टकलूला गं! आता आणखी किती वेळा म्हणायला लावतेस?"

बोट गेली. आम्ही तिसऱ्या गावाला. दगडी धक्का, अख्खं गाव तिथे येऊन बसलेलं, कुणी कुणाशी मोठ्यानं बोलत नव्हतं. हिनं चपला काढून पाय पाण्यात सोडले. सूर्य असा सावकाश उतरला, पाणी आधी पिवळं, मग तांबडं, मग… नाही सांगता येत, सोडा. पुरता बुडाला तरी ही हलली नाही. मग म्हणाली, "शेवट असा असतो होय!" काय पाणी होतं हो, काय पाणी होतं!

घरी आलो. आई न्हाऊन, केस मोकळे सोडून, खुशीत. "किती गुणी माणूस रे! बोलावलं आणि आला! 'उद्या बघतो' नाही की काही नाही. तुझा व्हॉल्व्ह आवळून आवळून पिचला होता म्हणाला, नवाच बसवलाय. मास्तरांची कंबरही चोळून दिली!"

मी बॅटरी घेतली, गुडघ्यांवर बसलो, म्हटलं, चिंध्या बांधल्या असतीलच, एक थेंब सापडू दे, फक्त एक! बोट फिरवलं, कागद लावून बघितला, कान लावला…

कोरडा ठणठणीत हो! काम चोख केलं होतं मेल्यानं.