तोक्तोसूनचा बुलडोझर

— नाही वहिनी, चहा नंतर. आधी उजेड आहे तोवर ह्याला नीट बघू द्या. आणि आधीच सांगून ठेवतो, मी बघायला आलोय, घ्यायला नाही. बघणं वेगळं, घेणं वेगळं. तुम्ही आपली लोकर काता निवांत, माझ्याकडे लक्ष देऊ नका. तोक्तोसून असता तर त्यानं मला ह्याला हात लावू दिला असता का? नसता दिला. ‘मास्तर, तुम्ही खडूला हात लावा, लोखंडाला नको,’ म्हणाला असता. चांगला माणूस, पण तोंड फटकळ — आता नवऱ्याबद्दल बोललो म्हणून रागावू नका. मी शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, एवढंही कळणार नाही का मला? कळेल. न कळायला काय झालं?

हे बघा, साखळीच्या कड्यांतून गवत उगवलंय. सीटवर तुमच्या कोंबडीनं घर केलंय — हुश्, ऊठ गं बाई! — उठत नाही. बरं, बस. आता दात. घोड्याचे दात बघतात तसे ह्याचेही बघायचे, ह्या मागच्या चाकाचे, ज्यावर साखळी फिरते. गंमत बघा, घोड्याचे दात झिजून बोथट झाले की तो म्हातारा, आणि ह्याचे दात झिजून अणकुचीदार झाले की हा म्हातारा. सगळं उलटं. हे बोथट आहेत, म्हणजे बरे आहेत. म्हणजे — बरे म्हणजे तसे काही खास नाहीत हं. स्तुती करायची नसते घेताना — बघताना. थू थू.

तेलाची पट्टी ओढून बघतो. काळं आहे, घट्ट आहे, पण दुधासारखं पांढरट नाही. पाणी शिरलेलं नाही, आतून फुटलेला नाही. थांबा, पण हे काय? नळ उघडा? रेडिएटरचा खालचा नळ उघडा आहे, वहिनी, आणि इंजिनाच्या अंगाचाही. झाकण पण नाही वर. कुणी चोरून नेलं की काय, म्हणजे माझं नशीब... नाही, नाही, झाकण इथं तारेनं बांधलंय की दांड्याला! अहो, म्हणजे त्यानं मुद्दाम उघडे ठेवलेत! शेवटच्या हिवाळ्याआधी सगळं पाणी काढून टाकलं आणि नळ उघडे सोडले, थेंब अडकू नये म्हणून. गोठलेल्या पाण्यानं ह्या खोऱ्यात किती इंजिनं फुटली, आणि हे नाही. शाबास रे तोक्तो— नाही, मी काही स्तुती केली नाही. मी नळाबद्दल बोललो.

हे धुराड्यावर काय, दुधाचा डबा? पालथा. पाऊस जाऊ नये म्हणून. आणि पातं उचलणारे हे दांडे — ह्यांना गंज हवा होता. मी तर गंज धरूनच चाललो होतो, सबंध वाटेवर मनात म्हणत होतो, ‘वहिनी, दांडे गंजलेत, भाव उतरवा.’ पण हे गुळगुळीत आहेत. चिकट आहेत. वास — मेंढीच्या शेपटीची चरबी? तोक्तोसून लावायचा, आठवतंय, लोक हसायचे, म्हणायचे ह्याचा बुलडोझर आमच्यापेक्षा चांगलं जेवतो. पण त्याला जाऊन किती हिवाळे झाले, आणि ही चरबी तर ताजी आहे, वहिनी. ह्याच शरदातली.

...

बरं. मी काही विचारलं नाही. तुम्ही सूत काता.

काय सांगत होतो? हं, बुलडोझर. मला घाई नाही. घाई कसली? दरड काय आज पडली नाही, वसंतात पडली, आमच्या वरच्या गावाचा रस्ता तेव्हापासून बंद आहे. जिल्ह्याचे साहेब आले होते, चकचकीत बूट घालून, दरडीच्या अलीकडेच उभे राहून म्हणाले, ‘वडीलधारे तुम्ही, अक्सकल, पण एवढ्याशा घरांसाठी यंत्र पाठवणं परवडत नाही. तुम्ही सगळे खाली राहायला या ना.’ या ना! जसं काही गाव म्हणजे तंबू आहे, खुंट्या उपटल्या की निघाला! आणि वर गोड आवाजात काय सांगितलं माहीत आहे? पहिल्या बर्फाआधी रस्ता झाला नाही तर शाळेचं नाव यादीतून जाणार. खालून येणारी मास्तरीण रोज त्या ढिगाऱ्यावरून दगड धरत धरत चढते, ती तरी किती दिवस येईल? पोरं खालच्या वसतिगृहात जातील. पोरांमागे आया जातील, आयांमागे गुरं. मग वर उरणार कोण? मी, माझी बायको काकिश आणि वारा. मी त्यांना म्हटलं, ‘साहेब, डोंगरानं टाकलेली माती आहे, माणसानं काढता येते.’ ते हसले. तसे हसले ना, तेव्हाच मी ठरवलं. हसा म्हटलं. हसा!

हो, मला चालवता येत नाही. मी कुठे म्हटलं येतं म्हणून? काकिश म्हणते, ‘अहो, दारातली गाढवी तुम्हाला हाकता येत नाही, ती चालते आणि तुम्ही तिच्या मागे जाता.’ खरं आहे. पण गाढवीला स्वतःची मतं आहेत, ह्याला नाहीत. दोन दांडे — डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. ह्यात काय आहे न कळण्यासारखं? शिकेन. या वयात? या वयातच. तरुण होतो तेव्हा वेळ कुठे होता? कधी कधी पहाटे जाग येते आणि वाटतं, ओर्मोन, तू वेडा झालायस, यंत्रासकट दरीत जाशील आणि लोक म्हणतील पुस्तकं वाचून वाचून गेला. वाटतं असं. रोज वाटतं. मग उठतो, त्या ढिगाऱ्याकडे बघतो, आणि राग येतो. राग आला की बरं वाटतं.

पण घ्यायचं ठरलेलं नाही बरं का! म्हणजे... आता तुम्हाला काय सांगू. मी सकाळी निघालो, तेव्हा शेजारच्या कुबातनं विचारलं, ‘मास्तर, घोडी घेऊन कुठे?’ मी म्हटलं, ‘खाली, तोक्तोसूनचा बुलडोझर बघायला.’ बघायला म्हटलं मी! स्पष्ट म्हटलं! ह्या लोकांनी काय ऐकलं? बुलडोझर घेतला. मी फाटकापर्यंत पोहोचेतो गावातली सगळ्यात म्हातारी आजी बाहेर आली, दोन्ही तळहात पसरून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले — ओमिन! — आणि कुबातनं मेंढी कापली. घोडं बाजारात आणि खोगीर माझ्या पाठीवर! आता दिलेला आशीर्वाद परत कसा नेऊ? कढई चढलीय तिकडे. मी रिकामा वर गेलो तर ते मटण खाणार कोण, आणि कुठल्या तोंडानं?

झालं. सांगून बसलो सगळं. आता भाव काय करायचा तुमच्याशी, कप्पाळ! ही फाटकाशी उभी आहे ती घोडी, दरड टाळून मेंढ्यांच्या लांबच्या वाटेनं आणलीय. गाभण आहे, वसंतात व्यायेल, दूध चांगलं देते, ते आंबवलंत की तुमचा कुमीस सुटणार नाही. माझ्याकडे दुसरं द्यायला काही नाही. कमी वाटत असेल तर तसं म्हणा. नाही म्हणा, ऐकून घेईन — नाही, ऐकून घेणार नाही! उद्या पुन्हा येईन. परवा येईन. तुमच्या दारात बसेन, तुमच्या कोंबडीला विचारा.

वहिनी? कुठे निघालात? काहीतरी बोला तरी. घोडीचे दात बघताय? बघा, बघा, खरे आहेत. दावं का सोडताय तिचं? अहो, ती पळेल — नाही पळाली. हे मला कशाला? माझ्या हातात कशाला देताय दावं, घोडी पसंत नाही का? परत नेऊ म्हणता? आणि तिकडे कुठे चढलात, ह्या वयात, सीटखाली काय — ती इंजिन सुरू करायची दोरी आहे! ती तुम्ही बाहीत का कोंबताय? दोरीशिवाय मी हे सुरू कसं करणार? दोरी न देता तुम्ही मला...

थांबा.

जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही. दावं गेलं की घराची बरकत त्याच्यामागे जाते. माझं दावं मला, तुमचं तुम्हाला.

म्हणजे सौदा झाला? वहिनी, झाला?

नका बोलू. कळलं. डोळे पुसा, धूर येईल आता. पेट्रोल मी बाटलीत आणलंय, तेल मिसळून — हो, घरूनच आणलं होतं, बघायलाच आलो होतो मी. हे छोटं इंजिन आधी, त्याच्या जोरावर मोठं, पण आज छोटं ऐकू दे फक्त. दोरी नाही तर नाही. घोडीचं दावं केसांचं आहे, काकिशनं वळलंय, तुटत नाही. टोकाला गाठ, गाठ ह्या खाचेत, एक वेढा, दोन... कोंबडीला घ्या तिथून. आणि तुम्ही मागे सरा, अजून, भिंतीपर्यंत. सुरू नाही झालं तर हसायचं नाही. आणि आता एक शब्दही — तुम्ही कुठे बोलताय म्हणा. मीच गप्प बसतो.