बेटावरचा माणूस

गुंगालिन या आमच्या परदेशातल्या उपनगरात कोविड टेस्टच्या रांगेत सरकारने अंतर ठेवायला लावलं होतं. मास्कमधून सगळे ओरडूनच बोलत, त्यामुळे चोरून ऐकण्याचं पाप मला लागलं नाही. पुढे एक मराठी नवरा-बायको होते.

“चित्रा, निगेटिव्ह आलीस की लगेच बेटावर?”

“हो. तिथलं अभयारण्य दोन देशांचं, तिकडच्यांची बॉर्डर बंद, म्हणून आमच्या खात्यातून मी एकटीच.”

“पण कासवं सांभाळायला आहे ना तिथे कोणी?”

“कॅमेऱ्यात रोज एक म्हातारा दिसतो. अंड्यांवर वाळू लोटतो. आम्हाला वाटलं, त्यांचा रेंजर लॉकडाऊनमध्ये अडकलाय. ऑनलाइन मीटिंगमध्ये आभार मानायला गेलो, तर तिकडचे लोक आमचेच आभार मानायला लागले.”

“म्हणजे तो कोणाचाच नाही?”

“असं कोणीच बोललं नाही. बोललं की चौकशी आली, आणि चौकशीला दोन्ही देशांची संमती लागते. मग एकमताने त्याला मुदतवाढ दिली.”

“धन्य! आणि तू कशाला?”

“त्याला कळवायला.”

“फोन करा की!”

“कुठे? काल मीटिंगमध्ये माझं नाव ठरलं, तेव्हा कॅमेऱ्यात तो खणत होता.”

“कासवांसाठी असेल गं.”

“कासवाला इतका लांब खड्डा? खणून झाल्यावर त्यात आडवा झाला, उठला, आणि थोडा आखूड केला.”

“…तुझ्याएवढा?”

“पुढे सरक, श्रेयस. आपला नंबर आला.”

“सरकतो. पण लग्नानंतर एकदाच माझं ऐक, चित्रा. पॉझिटिव्ह ये.”