घासून काढलेले खडक

सन्माननीय अध्यक्ष महोदय, त्यांच्या शेजारी बसलेले आपल्या संस्थेचे कार्यवाह, आजचे प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापिका, माझे सहकारी शिक्षक, पालकवर्ग, आणि मागच्या बाकांवर मगाचपासून चुळबुळ करणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

माझ्या सत्काराला उत्तर द्यायला मी उभी आहे. पहिल्या रांगेत माझी मोठी बहीण बसली आहे. घरून निघतानाच तिने मला दटावलं, की आभार मान आणि खाली बस, नोकरीच्या शेवटच्या दिवशी कुणाच्या डोळ्यांत खुपू नकोस. आभार मी मानणारच आहे, ताई. खाली बसायला मात्र थोडा वेळ लागेल.

अध्यक्ष महोदयांनी माझं तोंड भरून कौतुक केलं. बाईंनी तरुण पिढीच्या मनात सागराविषयी आस्था निर्माण केली, असं ते म्हणाले. ओहोटीनंतर खडकांच्या खळग्यांत पाणी उरतं, त्याला त्यांनी 'जलाशय' म्हटलं. आम्ही त्याला डबकं म्हणतो. मानचिन्ह म्हणून मला हा पॉलिश केलेला मोठा शंख मिळाला आहे. आतला जीव आपणहून घर सोडून गेला असेल, अशी मी आशा करते.

मुलांना समुद्राकडे कसं वळवता, असं मला पुष्कळ जण विचारतात. भाषणांनी मुलं वळत नाहीत, जांभया देतात. मी काय केलं? प्रत्येकाला एकेक डबकं वाटून दिलं. हे तुझं. ओहोटीला जायचं, बघत बसायचं, दगड उचललाच तर होता तसा परत ठेवायचा, कारण ते कुणाच्या तरी घराचं छप्पर असतं. एवढाच आमचा अभ्यासक्रम. पुढे डबक्यांवरून भांडणं व्हायला लागली. माझ्याकडे खेकडा आलाय, तुझ्याकडे कुठाय? एका मुलीने मला मधल्या सुट्टीत गाठून काळजीने विचारलं, की बाई, माझ्याकडची समुद्रफुलं मिटून बसलीत, त्यांचं काही दुखत असेल का? समुद्रफुलं म्हणजे खडकाला चिकटून राहणारे, फुलासारखे दिसणारे जीवच. वर्गात तिला सगळे खेकडी म्हणतात. धरलेलं सोडत नाही म्हणून.

तर मध्यंतरी एक मोठे पाहुणे या डबकेवाल्या मुलांचं सागरमित्र पथक बघायला येणार असं ठरलं. आजचे नव्हेत, पाहुण्यांनी निश्चिंत असावं. कार्यवाहांना चिंता पडली, की शेवाळावरून त्यांचा पाय घसरला तर? चिंता रास्तच होती. खडकांवर जाऊ नका, काठावरून बघा, असं सांगता आलं असतं. त्याऐवजी फळ्यावर सूचना लागली: सागरमित्रांनी खडक स्वच्छ करावेत. मुलांना तारेचे ब्रश दिले, ब्लीचिंग पावडर दिली. आणि मी कुठे होते? दुसऱ्या गावी, शिक्षकांच्या शिबिरात. मुलांना सागराची गोडी कशी लावावी, या विषयावर बोलत होते. टाळ्याही बऱ्या पडल्या.

मुलांनी खडक घासले, आणि अगदी मन लावून घासले. मी त्यांना दोष देत नाही. वर्ग स्वच्छ, नखं स्वच्छ, वही स्वच्छ, असं आपण पहिलीपासून त्यांच्या कानीकपाळी ओरडत असतो. खडकावरचं हिरवं म्हणजे तिथल्या जिवांचं जेवण, हे मी शिकवलं होतं. पण सूचनेखाली कार्यवाहांची सही होती, माझ्या शिकवण्याखाली कुणाचीच नव्हती. खडकाला टोपीसारखी चिकटून बसणारी एक गोगलगाय असते. ती चरायला जाते आणि फिरून नेमकी आपल्याच जागेवर येऊन बसते. अशा सगळ्या गोगलगायी ब्रशने खरवडून निघाल्या. मी परत आले तेव्हा खडक न्हाणीघराच्या फरशीसारखे चकचकीत झाले होते आणि वास ब्लीचिंगचा येत होता. मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप आला. तो अजून गेलेला नाही.

एक कोपरा तेवढा हिरवा राहिला होता. खेकडी आपल्या डबक्याशी फतकल मारून बसली होती आणि तिने ब्रश जवळ येऊ दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी सगळ्यांसमोर तिला कौतुकानेच विचारलं, "बाळ, हा एवढाच भाग अस्वच्छ का ठेवलात?"

ती म्हणाली, "कारण तेवढाच जिवंत आहे."

फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली घेतला. पुढे काय झालं ते या सभागृहात सर्वांना ठाऊक आहे आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही. शाळेच्या फाटकावर 'सागरमित्र शाळा' अशी पाटी लागली, आणि खेकडीला शिस्तभंगाबद्दल वर्गाबाहेर काढलं. उद्या सकाळी तिने प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेसमोर माफी मागायची आहे. नाही मागितली, तर तिचं नाव पटावरून कमी होईल. तिचे वडील आपल्याच शाळेची बस चालवतात. ते माझ्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, की तुमचं ती ऐकते, दोन शब्द बोलून टाक म्हणावं, त्यात काय जातं. त्यांची नोकरीही टांगणीला आहे, हे त्यांना बोलावं लागलं नाही.

मी तिला समजवायला गेले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मागते बाई. पण कशाबद्दल मागायची, तेवढं सांगा."

मी इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, पण मला उत्तर देता आलं नाही. व्यासपीठावरच्या कुणाला येत असेल, तर आज तीही इथे आली आहे, तिला सांगावं. मी थांबते.

नाही? बरं.

आता आभार. ओहोटीच्या वेळा बघून माझे तास बदलून घेणाऱ्या सहकाऱ्यांचे आभार. भिजलेले बूट आणि वाळूने भरलेली दप्तरं मुकाट्याने झटकणाऱ्या पालकांचे आभार. कार्यवाहांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांचेही आभार.

बोलताना काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला, अशी विनंती करून बोलणाऱ्याने बसायचं असतं. मीही आजवर तसंच केलं. आज करणार नाही. कारण मी इथे माफी मागितली, की उद्या सकाळी त्या पोरीला सांगितलं जाईल, बघ, तुझ्या बाईंनीसुद्धा मागितली, तुला काय होतंय? तेव्हा माझं जे काही चुकलं असेल, ते माझ्या नावावर तसंच राहू द्या.

नमस्कार.