बोट काढू नका

—या की पुढंच, मावशी, मागं कावून बसताव, मागं पोरांनी चिखल करून ठेवलाय. तेलगावलाच ना? मग बसा निवांत. बाई गाडी चालवायलीय म्हणून भ्यालाव व्हय? अवो, शाळेची गाडी हाय ही, रोज इतकी लेकरं नेते-आणते, एकालाबी खरचटलं न्हाई आजवर. आता सोडूनच आले त्यांना. आन् ते ऊन लागायलंय ना खालून, ते इंजिनाचं — तुमच्याच बुडाखाली हाय — अवो उठू नका, उठू नका! ह्या गाडीचं इंजिन सीटखालीच असतंय. आता तर कशी मऊ चाललीय बगा. चार आठवड्यामागं बसला असता ना, तर दात हातात घेऊन उतरला असता.

जुनं इंजिन गरम होऊन बसलं, कायमचंच. मग आसारामनं — तेलगावचा मिस्त्री, तुमी नसाल ओळखत — एका ठोकलेल्या गाडीचं इंजिन आणून हिच्यात बसवलं. इंजिन चांगलं, कमी पळालेलं. चावी फिरवली, आन् काय सांगू — उभ्या उभ्या थरथर! घूंऽऽ करून वर जाती, घूंऽऽ करून खाली येती, मधीच उचकी देती. थंडीताप भरल्यावाणी. आमच्या सासूबाई, छबुबाई, एकदा बसल्या तर उतरून म्हणल्या, “वनमाला, ही गाडी न्हाई, अंगात आलेली बाई हाय, हिच्यावरून आधी लिंबू उतरव.” उतरवलं की! लिंबागणेशाला नारळबी फोडला. गाडी देवळापुढंबी थरथरायलीच.

स्क्रू पिळून भागत न्हाई मावशी ह्या गाड्यांचं, हिच्यात कंप्युटर असतंय. किती हवा, किती पेट्रोल, सगळं तेच ठरवितंय. आसारामनं प्लग बदलले, इंजेक्टर काढून धुतले, दुसरी कॉईल लावून बघितली, पंपाचा दाब मोजला. वायर जोडून कंप्युटरलाच विचारलं, बाबा रे, दुखतंय कुठं? ते म्हणतंय, हवा-पेट्रोलाचा मेळ बिघडलाय. अवो, ते तर लेकरांनाबी कळायलंय! मग काय, शाळा सुटली की मी गॅरेजवर. रोज. माणूस कसा हाय? बरा हाय की. कमी बोलतो. चहा बिनसाखरेचा. लग्न राहूनच गेलं त्याचं — आई अंथरुणावर होती, तिचं करण्यात वय निघून गेलं, आता आईबी न्हाई. कामाला बसला की घड्याळ काढून शर्टाच्या खिशात ठेवतो, आन् मग गॅरेजभर घड्याळ हुडकत हिंडतो — मला कसं ठाऊक म्हंजे? रोज जात व्हते ना! गॅरेजात बघायला दुसरं असतंय काय, टायर?

त्यात शाळेच्या कमिटीवरचे अमरसिंह. त्यांच्या मेव्हण्यानं नवी गाडी घेऊन ठेवलेली. म्हणले, “बाई, लेकरं उतरतेत ती गरगरतच. सोमवारपर्यंत हे थांबलं न्हाई तर आमी दुसरी गाडी लावू.” झोपच उडाली माझी. आमचे मालक कावीळ होऊन गेले, मागं ही गाडी तेवढी राहिली. चालवायला तर मी त्यांच्या माघारी शिकले — सासूबाई शेजारी बसायच्या, आन् बिरीक त्याच मारायच्या, पाय आपटून! आमी दोघी बायका ह्या गाडीवरच तर जगायलोत.

शनिवारी आसाराम म्हणला, “ताई, इंजिन परत उतरवावं लागंल.” मला रडूच आलं. रडले न्हाई, डोळ्यात पेट्रोल उडालं म्हणलं. तो जरा वेळ उगंच पाना पुसत बसला. मग म्हणला, “ताई, जास्त कवा थरथरती?” मी म्हणलं, उभी असली की. पाय दाबला की शहाणी होती, धारूरच्या घाटात तर अशी चढती, नजर लागावी. त्यानं पाना खालीच ठेवला. “मग ही कुठूनतरी चोरून हवा प्यायलीय,” म्हणला. म्हंजे कसं, कंप्युटर मोजून हवा घेतंय, आन् कुठं भोक असलं तर बिनमोजलेली आत शिरती. पाय दाबल्यावर एवढीशी चोरीची हवा कोण विचारतंय? पण उभी असली की तेवढीबी लई होती.

सीट उचललं, गाडी चालू ठेवली. तो त्या अंगाला, मी ह्या अंगाला, दोघं वाकून. तो एकेका सांध्यावर फवारा मारत जायला, मी कान देऊन — भोक असलं की फवारा आत शिरतो आन् इंजिनाचा आवाज बदलतो. एका जागी आवाज बदलला. पार मागल्या अंगाला बारकी नळी, तोंड उघडं! त्या ठोकलेल्या गाडीत तिच्यावर पाईप असणार, आपल्या गाडीत त्या पाईपाचं कामच न्हाई, म्हणून कुणाच्या ध्यानातच आली न्हाई ती. त्याचा हात जाईना, पंजा हा एवढा. म्हणला, “तुमचं बोट बारीक हाय, ठेवा बरं तिथं.” ठेवलं. माय गं! बोटच वढून धरलं तिनं, तान्हं लेकरू धरतंय तसं. आन् गाडी गप. एकदम गप! शेजारच्या गिरणीचा पट्टा ऐकू यायला. बोट काढलं — थरथर. ठेवलं — गप. मी हसायले, तोबी हसायला, त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणला, “काढू नका बोट.” मी कशाला काढते? आता ह्यानं टोपण आणायला जावं का न्हाई? जाईचना. तसाच वाकलेला. “काढू नका, वनमाला,” म्हणला.

ताई न्हाई म्हणला, मावशी. इतके दिवस वाक्यागणिक ताई, ताई — आन् त्या दिवशी ताई कुठं गेली कुणास ठाऊक. मग एकदम उठला, आन् डोळ्यापुढच्या डब्यातलं रबराचं टोपण त्याला सापडंना. मीच दाखवलं, दुसऱ्या हातानं.

सोमवारी अमरसिंह स्वतः बसले गाडीत. गाडी चालूच व्हती, पण इतकी गप की त्यांना वाटलं बंद हाय. फिरवली चावी — कर्रर्र! सगळे मास्तर हसले. मेव्हण्याची गाडी आता लग्नाच्या वराती ओढायलीय.

तवापास्नं हिला काय झालं न्हाई. शिंकबी न्हाई. काल सासूबाई म्हणल्या, “गाडी बरी झाली, मग तुझं तोंड कावून उतरलंय?” मी म्हणलं, उन्हानं. तर म्हणतेत, “उन्हाला मिस्त्री लागत असंल तर जाऊन ये.” आन् सकाळी उठून स्वतः धपाटे केले, मागं डबा दिसतोय ना, तोच तो. एकटीला इतके? — आता मला काय ठाऊक, त्यांनी भरले.

तसं मी गाडी दाखवायलाच चाललेय. बारका आवाज यायलाय ना खालून, टिकटिक — ऐका. न्हाई येत? नीट ऐका की. आत्ता आलता. तुमी बोलताव म्हणून ऐकू येईना — बरं, तुमी न्हाई, मीच बोलायलेय. पण आवाज हाय. असंल. काढायला गेलं की निघतंच काहीतरी. कावून हसायलाव? मावशी, पदर तोंडात घालून काय हसताव, शेजारीच बसलाव, दिसायलंय मला!

हे आलं तेलगाव. उतरा. पिशवी घ्या. — न्हाई, गॅरेज वर हाय, तिथवर न्हाई नेणार तुमाला. तिथं मी एकटी जाते.